पेप्टाइडची पूड आणि मुलाचे ताट

आमच्या अळणावरला समुद्र नाही. तरीही मासा आम्हांला परका नाही. गोव्याहून घाट चढून लोंढ्यामार्गे धारवाड-हुबळीकडे जाणारी रेल्वे आमच्या गावावरून जाते. माझ्या लहानपणी त्या गाडीतून उतरणाऱ्या टोपल्यांचा वास फलाटावर बराच वेळ रेंगाळत असे. त्या टोपल्यांत बांगडा असे, तारली असे, पावसाळ्यात सुकट असे. घरी आई माशाचे डोके कधी टाकत नसे. आमटीत त्याला मानाचे स्थान होते.

अलीकडे मात्र समुद्र आमच्या गावात दुसऱ्या वाटेने येऊ लागला आहे. तो औषधाच्या दुकानातील फळीवर, चकचकीत डब्यात, पांढऱ्या पुडीच्या रूपाने येतो. डब्यावर 'मरीन कोलॅजन पेप्टाइड' असे लिहिलेले असते. त्या पुडीचा उगम माशाच्या त्याच टाकाऊ भागांत, म्हणजे कातडीत, खवल्यांत, काट्यांत आणि डोक्यात असतो. या विषयावर लिहावे असे मला वाटले ते केवळ शास्त्रीय कुतूहलापोटी नव्हे. त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती आपल्यापुढे मांडणे मला कर्तव्य वाटते.

सात वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली होती. वजन सतरा किलो, भूक कमी, वारंवार सर्दी. वडील मालवाहू टेम्पो चालवतात. मुलाला काही 'ताकदीचे' द्यावे अशी आईची इच्छा होती आणि शेजारणीने सुचवलेल्या पुडीचे नाव तिने चिठ्ठीवर लिहून आणले होते. त्याच सुमारास एका व्याख्यानात मी सागरी पेप्टाइडांविषयी बरेच उत्साहवर्धक ऐकले होते. बाहेर रुग्णांची रांग होती. मी चिठ्ठी वाचली आणि म्हणालो, "द्या, अपाय नाही."

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. मुलाचे वजन तीनशे ग्रॅमने घटले होते. मी आहार विचारला तेव्हा खरी गोष्ट कळली. डब्याला जवळपास दोन हजार रुपये पडत होते. तेवढे पैसे उभे करण्यासाठी घरातली अंडी बंद झाली होती, रविवारचा बांगडा बंद झाला होता, संध्याकाळचे शेंगदाणे-गूळही बंद झाले होते. मी किंचित रागावून विचारले, "हे कुणी सांगितलं तुम्हांला?" ती बाई साधेपणाने म्हणाली, "तुम्हीच म्हणालात न्हवं डॉक्टर, द्या म्हणून? पावडरीत सगळं आलं की मग अंडं कशाला, असं वाटलं आम्हांला."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. पुढे रक्त तपासले तेव्हा मुलाला लोहाची कमतरता असल्याचे दिसले. ती तपासणी मी दोन महिने आधीच करायला हवी होती. पूड विषारी नव्हती हे खरे. पण अपाय झाला होता, आणि तो माझ्या शब्दामुळे झाला होता.

त्यानंतर मी या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले. त्यातून माझे जे मत बनले ते आधीच स्पष्ट सांगतो. माशाच्या टाकाऊ भागांतील पेप्टाइडांचे शास्त्र खरे आहे, आणि त्याला भविष्यही आहे. परंतु पेप्टाइड हे औषध ठरते ते त्याचे नाव, मात्रा आणि परिणाम चाचणीने निश्चित झाल्यावर. तोवर डब्यातील पूड हे एक महागडे अन्न आहे, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर ते बहुधा अपुरे अन्न आहे.

प्रथम शास्त्राची बाजू पाहू. मासा स्वच्छ करून, काटे काढून, तुकडे करून विकला जातो तेव्हा त्याचे बरेचसे वजन मागे राहते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार माशाच्या जातीप्रमाणे आणि प्रक्रियेप्रमाणे ३० ते ७० टक्के भाग असा बाजूला पडतो. त्यात डोके, आतडी, काटे, कातडी आणि खवले येतात. रत्नागिरीत गद्रे मरीन या कंपनीसारखे उद्योग राणी माशासारख्या माशांपासून सुरिमी, म्हणजे धुऊन घट्ट केलेला माशाचा लगदा, तयार करतात. अशा उद्योगात तर माशाचा थोडाच भाग मुख्य मालात जातो. उरलेल्यात प्रथिने भरपूर असतात, आणि ती वाया जाऊ देणे हे अन्नाच्या दृष्टीने आणि पर्यावरणाच्या दृष्टीनेही अयोग्यच आहे.

हे अवशेष बारीक करून पाण्यात मिसळतात आणि त्यांवर विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, क्रिया घडवतात. सुमारे ५० ते ६० अंश सेल्सियस तापमानात काही तास ही क्रिया चालते. मग तापमान ८५-९० अंशांपर्यंत वाढवून विकर निष्क्रिय करतात, द्रव गाळतात आणि वाळवून पूड करतात. प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या तुटून दोन ते वीस अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या तयार होतात. यांनाच आपण पेप्टाइडे म्हणतो. आपल्या जठरात आणि आतड्यांत रोज जे घडते, तेच येथे टाकीत घडवले जाते. फरक इतकाच की विकर आणि वेळ निवडून साखळी कोठे तुटावी यावर काही प्रमाणात नियंत्रण ठेवता येते. अशा काही तुकड्यांत मूळ प्रथिनात न दिसणारे गुण आढळतात. काही रक्तदाब वाढवणाऱ्या विकराला अडवतात, काही ऑक्सिडीकरण रोखतात, काही जंतूंची वाढ थांबवतात. परीक्षानळीत हे गुण वारंवार दिसून आलेले आहेत, त्याविषयी वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पायऱ्यांविषयी, आणि त्या पायऱ्या यशस्वीपणे चढलेले एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या शीतकपाटात आहे. फ्रीडरिख मिशर या स्विस शास्त्रज्ञाने १८७४ साली बाझेल येथे ऱ्हाइन नदीतील सॅल्मन माशाच्या शुक्रद्रव्यातून प्रोटामाइन नावाचा पदार्थ वेगळा केला. आर्जिनिन या अमिनो आम्लाने गच्च भरलेली ती एक लहान साखळी आहे. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडॉर्न यांनी १९३६ साली ते इन्सुलिनला जोडले आणि इन्सुलिनचा परिणाम लांबवला. १९४६ मध्ये त्यातूनच एन.पी.एच. इन्सुलिन तयार झाले. त्या नावातील 'पी' म्हणजे प्रोटामाइन आणि 'एच' म्हणजे हागेडॉर्न. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही मुलांना मी इंजेक्शनापूर्वी बाटली तळहातांत हलकेच फिरवायला शिकवतो, ती त्यातील ढगाळपणा सारखा पसरावा म्हणून. तो ढगाळपणा प्रोटामाइन आणि इन्सुलिन यांच्या स्फटिकांचा असतो. शस्त्रक्रियागृहात हेपॅरिनचा परिणाम उतरवण्यासाठी आपले सहकारी जे प्रोटामाइन सल्फेट देतात, तेही सॅल्मन माशाच्या शुक्रद्रव्यापासूनच मिळवले जाते. साधारण एक मिलिग्रॅम प्रोटामाइन हेपॅरिनच्या शंभर एककांना निष्प्रभ करते.

म्हणजे माशाच्या टाकाऊ भागातून निघालेल्या साखळीने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तिचा स्वभाव पाहा. तिचे नाव ठरलेले आहे, शुद्धता ठरलेली आहे, मात्रा ठरलेली आहे, धोकेही ठाऊक आहेत. माशाची ॲलर्जी असणाऱ्याला किंवा पूर्वी प्रोटामाइनयुक्त इन्सुलिन घेतलेल्याला ती देताना आपण सावध असतो. आणि मुख्य म्हणजे ती सुईने दिली जाते. तोंडाने दिली असती तर ती इतर प्रथिनांप्रमाणे पचून गेली असती.

हा पचनाचा मुद्दा फार मोलाचा आहे. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या विषात रक्तदाबावर परिणाम करणारी पेप्टाइडे असतात, हे सर्जियो फेरेरा यांनी १९६५ च्या सुमारास दाखवले. त्यातील टेप्रोटाइड हे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड शिरेतून दिले असता रक्तदाब उतरत असे, पण तोंडाने देऊन उपयोग होत नसे. म्हणून कुशमन आणि ओन्डेटी या शास्त्रज्ञांनी त्याच तत्त्वावर, पण पोटात न मोडणारा लहान रेणू बनवला. तो कॅप्टोप्रिल, १९८१ साली तो अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला. पेप्टाइडने वाट दाखवली, पण रुग्णाच्या पोटात जाणारी गोळी पेप्टाइडची नव्हती.

याचा अर्थ तोंडाने घेतलेले कोणतेच पेप्टाइड शरीरात पोहोचत नाही असा नाही. दोन-तीन अमिनो आम्लांच्या साखळ्या अखंड आत घेणारा पेप्ट-१ नावाचा वाहक लहान आतड्याच्या पेशींवर असतो. आपण मुलांना लिहून देतो ते सेफालेक्सिनही त्याच दाराने आत शिरते. जिलेटिन खाल्ल्यावर प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन ही जोडी माणसाच्या रक्तात आढळते, हे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवले. जपानमध्ये १९९१ पासून विशिष्ट आरोग्योपयोगी अन्न अशी शासनमान्य वर्गवारी आहे. बोनिटो, म्हणजे आपल्याकडील कुप्याच्या कुळातला मासा, आणि तारली यांपासून मिळवलेली पेप्टाइडे सौम्य रक्तदाब असणाऱ्या प्रौढांसाठी त्या वर्गात मान्य झाली. तथापि बोनिटोच्या पेप्टाइडाविषयीचा हाच दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढे आला, तेव्हा २०१० साली त्यांनी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असा निर्णय दिला. एकाच पदार्थाविषयी दोन जबाबदार संस्था वेगळे बोलतात, याचे कारण परिणाम फारच लहान आहे. अन्नातून मिळणारी अशी पेप्टाइडे बहुधा मायक्रोमोलर पातळीवर काम करतात, तर कॅप्टोप्रिल नॅनोमोलर पातळीवर. ज्याला खरोखर उच्च रक्तदाब आहे त्याने गोळी सोडून पुडीकडे वळावे इतके हे सामर्थ्य नाही.

येथे प्रसूतितज्ज्ञ सहकाऱ्यांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधतो. एसीई अडवणारी औषधे गर्भारपणात वर्ज्य आहेत, कारण त्यांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा होते. 'नैसर्गिक एसीई-रोधक' असे मिरवणारा डबा गर्भवतीच्या हाती दिसला, तर आपण साधा तर्क करावा. त्यातील पेप्टाइड खरोखरच ते काम करत असेल तर ते तिला देणे अनुचित, आणि करत नसेल तर तिने पैसे कशाचे दिले?

आता त्या मुलाच्या डब्याकडे येतो. त्यात कोलॅजन होते. कोलॅजन हे शरीराचे बांधकाम-प्रथिन. त्यातील जवळपास एक तृतीयांश अमिनो आम्ले ग्लायसिन असतात, आणि प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिनही पुष्कळ असतात. पण ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल त्यात मुळीच नसते. त्यामुळे एकटे कोलॅजन घेतल्यास, प्रथिनाचा दर्जा मोजण्याच्या मान्य पद्धतीने त्याचे गुणांकन शून्य येते. डब्यावर 'एका चमच्यात नऊ ग्रॅम प्रथिन' असे छापलेले असते, ते खोटे नसते. पण त्या नऊ ग्रॅमांपेक्षा अंड्यातील सहा ग्रॅम वाढत्या मुलाला अधिक कामाचे असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १,७०० उष्मांक लागतात. माझ्या रुग्णाच्या आईने अंडे, मासा आणि शेंगदाणे काढून त्यांच्या जागी ट्रिप्टोफॅनविरहित पूड ठेवली. कागदावर प्रथिने भरली. प्रत्यक्षात ताट रिकामे झाले.

मोठ्यांच्या गुडघ्यांसाठी आणि त्वचेसाठी कोलॅजन वापरणारे आमचे काही मित्र म्हणतील, 'आमचा अनुभव वेगळा आहे.' त्यांच्या अनुभवाचा मी अनादर करत नाही. काही लहान चाचण्यांत सुधारणा दिसलेलीही आहे. परंतु त्वचेविषयीच्या २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात उत्पादकांच्या पैशाविना झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या असता लाभ दिसेनासा झाला. प्रौढ माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःच्या त्वचेसाठी काही घेतो, तेव्हा हा प्रश्न त्याच्या खिशाचा आहे. मुलाच्या बाबतीत निर्णय दुसरा घेतो आणि वाढीची वर्षे मुलाची जातात.

माशाच्या प्रथिनाने मुलांचे कुपोषण हटवण्याचे स्वप्न जगाने यापूर्वीही एकदा पाहिलेले आहे. १९६० च्या दशकात संपूर्ण मासा दळून, त्यातील चरबी काढून 'मत्स्यप्रथिन-पूड' बनवण्याचे मोठे प्रयत्न झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९६७ साली तिला मान्यता दिली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने 'प्रथिनांचे संकट' जाहीर केले. परंतु पूड महाग पडली, तिला चव नव्हती, माशाच्या काट्यांतून येणारे फ्लोराइड हीही चिंता होती; आणि मूळ निदानच अपुरे होते. हे ठामपणे सांगणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. आपल्याकडील गरिबांच्या आहारात प्रथिने कमी पडतात ती मुख्यतः एकूण अन्नच कमी पडते म्हणून, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. पोट अर्धे राहिले तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. त्यांच्या सर्वच प्रतिपादनांशी सर्वांचे एकमत झाले नाही, आणि वाढत्या मुलाला दूध, अंडी, मासे यांतील दर्जेदार प्रथिनांची गरज असतेच. तरी त्यांचा मूळ प्रश्न आजही आपल्या टेबलावर उभा आहे: पूड देण्यापूर्वी त्या घरात पुरेसे अन्न शिजते का, हे तुम्ही विचारलेत का? १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मधील लेखात या साऱ्या प्रकरणाला 'प्रथिनांची महान फजिती' अशा आशयाचे नाव दिले. पन्नास वर्षांनी तीच फजिती आपण लहान प्रमाणात, घरोघरी, अधिक किमतीत पुन्हा घडवतो आहोत की काय, अशी मला शंका येते.

म्हणून आपल्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की, अशा कोणत्याही डब्याविषयी 'द्या' म्हणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

पहिला, यात नेमके कोणते पेप्टाइड आहे आणि किती आहे? 'सागरी प्रथिन जलविघटित' हे वर्णन 'लाकूड' म्हणण्याइतके मोघम आहे. आमच्या या जंगलाच्या तोंडावरच्या गावात तरी साग आणि सरपण यांत फरक करतात.

दुसरा, चाचणी कोणावर झाली? उंदरावर, प्रौढावर की माझ्यासमोर बसलेल्या मुलाच्या वयाच्या मुलांवर? आणि मोजले काय गेले, वजन-उंची की परीक्षानळीतील रंग?

तिसरा, कच्चा माल कोठून आला? मोठ्या माशांत पारा आणि माकुलाच्या आतड्यांत कॅडमियम साठते. बांगडा, कुपा यांसारखे मासे थंडाव्याविना राहिले तर हिस्टामाइन तयार होते आणि ते उष्णतेनेही नष्ट होत नाही. माशाच्या ॲलर्जीचे मुख्य कारण असलेले पार्व्हअल्ब्युमिन उष्णतेला दाद देत नाही, आणि जलविघटनानंतर ॲलर्जीचा धोका कमी झाला तरी संपतोच असे नाही. शिवाय आपल्या समाजात अनेक घरे शाकाहारी आहेत. आवरणावरील मांसाहाराची तपकिरी खूण त्यांच्या लक्षात आणून देणे हेही आपलेच काम आहे.

चौथा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: या डब्याचे पैसे उभे करण्यासाठी मुलाच्या ताटातून काय जाणार आहे? हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मला तो एका टेम्पोचालकाच्या पत्नीने शिकवला.

कायदा याबाबतीत काही आधार देतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे आरोग्यपूरके ही पाच वर्षांवरील व्यक्तींच्या आहाराला जोड म्हणून असतात, आणि ती औषधी उपयोगासाठी नाहीत असे आवरणावर लिहावे लागते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आईने असा डबा पुढे केला तर आपल्याला नियमाचा हवाला देता येईल. बाळाच्या दुधाच्या डब्यांबाबत १९९२ च्या कायद्याने उत्पादक आणि डॉक्टर यांच्यात एक भिंत उभी केली, आणि ती भिंत असल्यामुळे आईच्या दुधाचा प्रचार आपण निःशंकपणे करू शकलो. पूरकांच्या बाबतीत तशी भिंत आपण कायद्याची वाट न पाहता स्वतः उभारू शकतो. आपल्या संस्थेच्या व्याख्यानांत पूरक-उत्पादकांचे प्रायोजकत्व घ्यायचे नाही आणि मोफत नमुने टेबलावर ठेवायचे नाहीत, एवढा ठराव केला तरी पुरे.

मग माशाच्या टाकाऊ भागांचे करायचे काय? हा प्रश्न किनाऱ्यावरचा असला तरी आपणही त्याचे ग्राहक आहोत. कोची येथे १९५७ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान, खवल्यांपासून कोलॅजन आणि अवशेषांपासून पशुखाद्यासाठी व पिकांसाठी उपयुक्त मत्स्यद्रव बनवण्याची तंत्रे विकसित केली आहेत. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. या ज्ञानाचा उपयोग करून अवशेषांना मोल मिळाले, दुर्गंधी आणि घाण कमी झाली, त्या मोलातला वाटा बंदरावर मासे सोलणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचला, तर त्यासारखी आनंदाची गोष्ट नाही. त्यांतील एखादे पेप्टाइड प्रोटामाइनप्रमाणे उद्या खरे औषध होईलही. तसे झाले तर मी पहिल्या चिठ्ठीवर ते आनंदाने लिहीन.

परंतु जो भाग माणूस खाऊ शकतो, त्याचा पहिला मान स्वयंपाकघराचा आहे. माशाचे डोके आमटीत शिजते तेव्हा त्यातील मांस, मेद आणि चवही मुलाच्या पोटात जाते. तारली, मोतके यांसारखे लहान मासे मऊ शिजवून काट्यांसह खाल्ले तर कॅल्शियम मिळते. नीट वाळवलेल्या जवळ्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, आणि ट्रिप्टोफॅनही असते. वाळू आणि जास्तीचे मीठ धुऊन काढावे, कुबट वास येत असेल तर घेऊ नये, एक वर्षाखालील बाळाला खारवलेला मासा देऊ नये, लहानग्यांना देताना मोठे काटे जपून काढावेत, एवढी काळजी पुरे. आणि जे मासे खात नाहीत त्यांच्यासाठी दूध, डाळ-भात, उसळ, शेंगदाणे आहेतच. त्यांना समुद्राकडे पाहण्याचे कारण नाही.

त्या मुलाची पूड आम्ही थांबवली. लोहाचे औषध सुरू केले, जंताचे औषध दिले, आणि आहार पूर्ववत करायला सांगितला: रोज एक अंडे, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, भाकरीवर चमचाभर तेल, जमेल तेव्हा मासा. चार महिन्यांत त्याचे वजन सव्वा किलोने वाढले. यात कोणतेही आश्चर्य नाही, आणि मला ते तसेच नोंदवायचे आहे. त्या चार महिन्यांत या साऱ्याला जेवढा खर्च आला, तो दोन डब्यांच्या किमतीहून कमी होता.

शेवटच्या भेटीत आईने तो रिकामा डबा सोबत आणला होता. झाकण घट्ट बसते म्हणून त्यात तिने सुकट भरून ठेवली होती, आणि थोडी माझ्यासाठी कागदात बांधून आणली होती. मी ती घरी नेली. व्यवसायबंधूंनो, 'अपाय नाही' हे शब्द आपण फार सहज उच्चारतो. ते उच्चारण्यापूर्वी त्या घरातील ताट एकदा डोळ्यांपुढे आणावे, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांना नम्र विनंती आहे.